डोंगरावरच्या हिवाळी ढगांत सीडिंग: १५ टक्के नेमके कशाचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही मूळचे जालन्याचे, आता आयडाहोत बॉयसीजवळ राहता. तुमच्या कालव्याच्या कंपनीपुढे प्रस्ताव आलाय की वरच्या खोऱ्यात होणाऱ्या क्लाउड सीडिंगच्या, म्हणजे ढगात सिल्व्हर आयोडाइडसारख्या रसायनाचे कण सोडून बर्फ पाडण्याच्या, खर्चात वाटा उचलावा. प्रस्ताव मांडणारे म्हणतात की बर्फ १५ टक्क्यांपर्यंत वाढतो. मराठवाड्यातले कृत्रिम पावसाचे प्रयोग आठवत असल्यामुळे तुमचा त्यावर विश्वास बसत नाही. म्हणून तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: हे खरं आहे का, कोरड्या वर्षी दुप्पट सिल्व्हर आयोडाइड जाळलं तर जास्त बर्फ पडेल का, डोंगरापलीकडच्या लोकांचं पाणी आपण ओढून घेतो का, आणि ती चांदी आपल्या पाण्यात उतरते का.

पहिल्या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. योग्य ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडलं की हिमस्फटिक तयार होतात, वाढतात आणि जमिनीवर बर्फ म्हणून पडतात, यात आता शंका उरलेली नाही. पण अख्ख्या हिवाळ्यात तुमच्या खोऱ्यात त्याने किती पाणी वाढतं, हे त्या डोंगरावर, त्या वर्षीच्या वादळांवर आणि काम करणाऱ्यांच्या शिस्तीवर अवलंबून असतं. रसायन हा यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते योग्य वेळी, योग्य उंचीवर ते पोचवणं आणि तयार झालेला स्फटिक डोंगराचा माथा ओलांडायच्या आत खाली पाडणं. पैसे द्यायचे की नाही, हे याच तीन गोष्टींवरून ठरवावं लागतं.

मराठवाड्याची तुलना मात्र आधी बाजूला काढा, कारण ते वेगळं काम आहे. २०१५ आणि २०१९ साली औरंगाबादेतून विमानं उडाली ती पावसाळ्यातल्या, उभ्या वाढणाऱ्या ढगांसाठी. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण ५ किलोमीटरच्या वर असते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे सह्याद्रीला टेकलेले ढग पूर्ण उबदार असतात, आणि सिल्व्हर आयोडाइडला त्यांत कामच नसतं. तिथे एक तर ढगाच्या तळाशी क्षाराचे कण सोडून थेंब मोठे करावे लागतात किंवा ढग पुरेसा उंच वाढण्याची वाट पाहावी लागते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरला जो प्रयोग केला, तो अशा क्षारांच्या फ्लेअरचा, म्हणजे जळताना कण सोडणाऱ्या नळ्यांचा, होता. असा उभा ढग अर्ध्या तासात उभा राहतो आणि विरतोही, त्यामुळे त्याच्यामागे धावावं लागतं. आयडाहोच्या डोंगरावरचा हिवाळी ढग वेगळ्या जातीचा. ओलसर वारा डोंगरावर चढतो, थंड होतो आणि ढग बनतो, आणि वारा वाहतोय तोवर तो ढग तिथेच, त्याच उतारावर तासन् तास तयार होत राहतो. तो कुठे असणार हे आधीच माहीत असतं. म्हणूनच जगात सीडिंगचे सगळ्यांत भक्कम पुरावे याच ढगांबद्दल आहेत.

आता ढगाच्या आत काय चालतं ते पाहू. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब शून्य अंशाला गोठत नाही. गोठायला त्याला एखादा कण लागतो, ज्याच्यावर बर्फाची रचना सुरू होईल. उणे १० अंशाला असे नैसर्गिक कण फार थोडे असतात, त्यामुळे ढगात द्रवरूप पाणीच राहतं. यालाच अतिशीत पाणी म्हणतात. त्याचे थेंब इतके लहान असतात की खाली पडत नाहीत; वाऱ्याबरोबर माथा ओलांडतात आणि पलीकडे उतरताना हवा तापली की पुन्हा वाफ होऊन जातात. सीडिंगचा सगळा डाव या वाया जाणाऱ्या पाण्यावर आहे. अशा ढगात बर्फाचा एक स्फटिक आला की त्याचं पारडं लगेच जड होतं, कारण बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवेत वाफ मावेनाशी होते तेव्हाचा तिचा दाब, पाण्यावरच्यापेक्षा कमी असतो. पाण्याच्या हिशेबाने हवा जेमतेम संपृक्त असते तेव्हा उणे १० अंशाला ती बर्फाच्या हिशेबाने सुमारे १० टक्के आणि उणे १५ अंशाला सुमारे १६ टक्के अतिसंपृक्त असते. मग थेंब आटत जातात आणि स्फटिक वाढत जातो. पुढे तो वाटेतले थेंब अंगावर गोळा करतो, जड होतो, खाली येतो.

१९४६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर यांनी कोरडा बर्फ टाकून हे घडवून दाखवलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिथल्याच बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइड शोधून काढलं, कारण त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाच्या ठेवणीशी जवळजवळ जुळते. त्या मूळ कल्पनेत आजही काही चूक सापडलेली नाही. पुढच्या दशकांत दावे फुगले ते पाणी कुठे आहे आणि कण कुठे जातोय हे न मोजता आकडे सांगितले गेले म्हणून.

सिल्व्हर आयोडाइड उणे ५-६ अंशांच्या खालीच जागं होतं, आणि तापमानाशी त्याची ताकद झपाट्याने बदलते. चांगल्या जनरेटरच्या (म्हणजे सिल्व्हर आयोडाइड जाळून त्याचा धूर सोडणाऱ्या यंत्राच्या) धुरात उणे १० अंशाला एका ग्रॅममागे १० चा १४वा घात, म्हणजे शंभर लाख कोटीच्या घरात सक्रिय कण मिळतात. उणे ८ ला तोच आकडा साधारण दहापटीने घसरतो. दुसऱ्या टोकाला, ढगाचा माथा उणे २५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असेल तर निसर्गच पुरेसे स्फटिक बनवतो. आपण टाकलेल्यांना खायला पाणी उरत नाही. त्यामुळे कामाची खिडकी ढोबळपणे उणे ६ ते उणे २० अशी समजा. मोठं वादळ आलं, आकाश काळंभोर झालं, की लोक विचारतात आज जनरेटर का बंद आहेत. बहुतेक वेळा कारण हेच असतं: तो ढग खोल आणि थंड आहे, स्वतःच उत्तम काम करतोय. आपली संधी अनेकदा वादळाच्या शेपटीत असते, जेव्हा मुख्य पट्टा पुढे गेलेला असतो, ढग उथळ झालेला असतो, आणि उतारावर वारा अजून चढत असतो.

प्रमाणाचा हिशेब एकदा हाताने करून पाहा, म्हणजे दुप्पट जाळण्याच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल. जमिनीवरचा एक जनरेटर तासाला साधारण २५ ग्रॅम सिल्व्हर आयोडाइड जाळतो. ग्रॅममागे वरचा आकडा धरला तर सेकंदाला सुमारे ७० हजार कोटी कण होतात. धूर डोंगरापर्यंत पोचेतो २ किलोमीटर रुंद आणि ५०० मीटर उंच पसरला आणि वारा सेकंदाला १० मीटर आहे असं धरा. दर सेकंदाला १ कोटी घनमीटर, म्हणजे १,००० कोटी लिटर हवेत ते कण वाटले जातात. लिटरमागे ७० कण आले. हे उणे १० अंशाला. उणे ८ ला लिटरमागे ७ उरतात. लिटरमागे १० ते ३० स्फटिक मिळाले तर पुरेत. म्हणजे थंड बाजूला एक जनरेटरही गरजेपेक्षा जास्त देतो आणि उबदार बाजूला कमी पडतो. थंड ढगात दुप्पट जाळलं तर स्फटिकांची गर्दी होते, तेवढंच पाणी जास्त तोंडांत वाटलं जातं, प्रत्येक स्फटिक बारीक राहतो, आणि तो पडण्याऐवजी माथ्यावरून उडून पलीकडे जातो. जास्त घालून कमी मिळतं.

कोरड्या वर्षाचं दुखणं तर त्याहून मूळचं आहे. कोरडं वर्ष म्हणजे वादळं कमी, आणि वादळ नसेल तर डोंगरावर ढगच नसतो. निळ्या आकाशात जाळलेलं सगळं वाया. शिवाय कोरडं वर्ष अनेकदा उबदारही असतं, मग ढग आला तरी कामाचा थर माथ्याच्या वर सरकतो आणि जमिनीवरून तिथे पोचता येत नाही. म्हणून दुष्काळ पडला म्हणून सीडिंग सुरू करणं हा सगळ्यांत वाईट मुहूर्त. उपयोग होतो तो बऱ्या आणि सरासरी वर्षी, जेव्हा धरणात साठवून ठेवायला जागा असते. मराठवाड्याचे प्रयोग आणि तुमच्या कंपनीपुढचा प्रस्ताव यांत एकच गोष्ट सारखी होण्याची भीती आहे, ती ही की निर्णय टंचाईच्या घबराटीत होतो.

आता पोचवण्याचा भाग. माझ्या मते नव्वद टक्के अपयश इथे असतं.

जनरेटर म्हणजे एक टाकी, एक ज्वाळा आणि एक उंच नळकांडं. सिल्व्हर आयोडाइड नुसत्या ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, त्यासाठी सोडियम किंवा अमोनियम आयोडाइड घालावं लागतं. कोणतं घालता याने फरक पडतो. अमोनियम आयोडाइडच्या द्रावणातून निघालेले कण थेंबाला आदळून गोठवतात, आणि त्याला बराच वेळ लागतो. सोडियम आणि क्लोरीनयुक्त पदार्थ घातलेल्या द्रावणातले कण ओल पटकन ओढतात आणि मिनिटभरात गोठतात. डोंगर अरुंद असेल तर मधली ही दहा-वीस मिनिटंच तुमचा बर्फ खोऱ्यात पडणार की पलीकडे, हे ठरवतात. द्रावण नायट्रोजनच्या दाबाने नोझलमधून प्रोपेनच्या ज्वाळेत फवारलं जातं. सगळं उपग्रहावरून चालू-बंद होतं, वीज सौर पॅनलची.

बिघाड ठरलेले आहेत. ॲसिटोन उडून गेलं की नोझलच्या तोंडाशी क्षार साचतात आणि प्रवाह निम्म्यावर येतो, ज्वाळा मात्र जळत राहते, त्यामुळे नुसता ‘चालू’चा संदेश पाहणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून टाकीचं वजन किंवा पातळी दर वादळानंतर तपासली पाहिजे: जितके तास चाललं म्हणता, तितकं द्रावण कमी झालंय का? वाऱ्याने ज्वाळा विझते. नळकांड्याच्या तोंडावर हिमाचा थर धरतो. पॅनलवर बर्फ बसला की बॅटरी उतरते, आणि हे नेमकं लागोपाठच्या वादळांत होतं, जेव्हा मशीन सगळ्यांत जास्त हवं असतं. कडक थंडीत प्रोपेनचा बाष्पदाब पडतो आणि टाकी अर्धी भरलेली असूनही ज्वाळा अशक्त होते. हंगामाआधी प्रत्येक नोझल बदलणं आणि प्रवाह मोजणं हे मला कुठल्याही नव्या उपकरणापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मशीन ठीक असलं तरी धूर वर चढला पाहिजे. बॉयसीच्या खोऱ्यात हिवाळ्यात दिवसेंदिवस साचून राहणारं धुकं आणि धूर तुम्ही पाहिलाच असेल. वर उबदार थर बसला की खालची थंड हवा हलत नाही. जनरेटर त्या थराखाली असेल तर त्याचा धूरही खोऱ्यातच फिरत बसतो. इथे एक साधा भागाकार उपयोगी पडतो: वाऱ्याचा वेग भागिले (डोंगराची उंची गुणिले हवेची स्थिरता). वारा सेकंदाला १० मीटर, डोंगर १,००० मीटर, स्थिरता सेकंदाला ०.०१ असेल तर उत्तर १ येतं, म्हणजे हवा डोंगर चढू शकते. वारा ५ वर आला की उत्तर अर्धं होतं, हवा डोंगराला वळसा घालते. अशा वेळी मी जनरेटर पेटवण्याच्या बाजूने कधीच नसतो, वर कितीही सुंदर ढग असला तरी. यासाठी वादळाच्या आधी आणि मध्ये हवामान फुगा सोडून तापमान-वाऱ्याची उभी नोंद घ्यावी लागते. ती न घेता केलेला कार्यक्रम म्हणजे अंदाजपंचे. म्हणूनच जनरेटर खोऱ्यात, रस्त्याच्या सोयीने बसवलेत की उतारावर वर, गैरसोयीच्या जागी, हे विचारा. गैरसोयीच्या जागा सहसा बरोबर असतात.

मग अंतर. स्फटिक तयार होऊन वाढायला आणि जमिनीवर यायला २० ते ३० मिनिटं लागतात. हिमकण सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने पडतो. वारा सेकंदाला १५ मीटर असेल तर २५ मिनिटांत तो २२ किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे ज्या उतारावर बर्फ हवा, त्याच्या २० किलोमीटर अलीकडे कण ढगात शिरले पाहिजेत. वारा दुप्पट झाला की हे अंतरही दुप्पट. कालच्या वाऱ्याला बरोबर बसलेला जनरेटर आजच्या वाऱ्याला शेजारच्या खोऱ्यासाठी काम करत असतो. म्हणून एका रांगेसाठी वेगवेगळ्या दिशांचे जनरेटर असतात आणि प्रत्येक वादळात त्यातले थोडेच पेटतात. सगळेच्या सगळे कायम पेटवणारा कार्यक्रम दिसला तर शंका घ्या.

विमानाने अंतर आणि उंची दोन्ही साधता येतात. वाऱ्याला आडवं, येरझाऱ्या घालत उडायचं. पंखाला लावलेल्या फ्लेअर जळतात किंवा पोटाखालून सोडलेल्या फ्लेअर जळत काहीशे मीटर खाली पडतात. पण विमानाला दोन मर्यादा आहेत. ज्या अतिशीत पाण्याच्या शोधात ते जातं तेच पंखांवर गोठतं. आणि ढगात उडताना डोंगरापासून सुरक्षित उंची ठेवावी लागते, तर पाणी बहुधा माथ्याच्या वरच्या पहिल्या किलोमीटरमध्येच जास्त असतं. त्यामुळे विमान आणि जनरेटर एकमेकांची जागा घेत नाहीत, एकमेकांची उणीव भरतात. तिसरा मार्ग द्रव प्रोपेन थेट ढगात सोडण्याचा. ते उडून जाताना हवा इतकी थंड करतं की उणे २ अंशांच्या ढगातही स्फटिक बनतात. पण नोझल स्वतः ढगात असावी लागते, म्हणून ती जवळपास माथ्यावरच बसवावी लागते आणि मग स्फटिकाला वाढायला अंतर उरत नाही.

इथवरचा गोषवारा: ढगात अतिशीत पाणी, थराचं तापमान साधारण उणे ६ ते उणे २०, हवा डोंगर चढणारी, आणि कण वीसेक किलोमीटर अलीकडे. चारही गोष्टी एकत्र जुळतात ते तास हिवाळ्यात थोडे असतात.

आता पुरावा, आणि तुमचे १५ टक्के. सगळ्यांत स्वच्छ पुरावा तुमच्याच राज्यातला आहे. २०१७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये पेयेट नदीच्या खोऱ्यात ‘स्नोई’ नावाचा प्रयोग झाला. सीडिंगचं विमान आयडाहो पॉवरचं होतं. स्नेक नदीवर धरणं असलेली ही वीज कंपनी स्वतः सीडिंग करते. मोजणीचं विमान वायोमिंग विद्यापीठाचं, आणि डोंगरमाथ्यावर ट्रकवरची रडार. विमानाने येरझाऱ्या घातल्या तशीच नागमोडी रेघ थोड्या वेळाने रडारवर उमटली, वाऱ्याबरोबर सरकली, जाड झाली आणि जमिनीपर्यंत उतरली. निसर्ग अशी नागमोडी रेघ काढत नाही. त्यातल्या तीन दिवसांचं पाणी मोजलं गेलं: १९ जानेवारीला २० मिनिटांच्या सीडिंगमधून सुमारे १.२ लाख घनमीटर, २० जानेवारीला ८६ मिनिटांतून २.४ लाख आणि ३१ जानेवारीला २४ मिनिटांतून ३.४ लाख घनमीटर. २४ मिनिटांतून ८६ मिनिटांपेक्षा जास्त पाणी आलं, याकडे लक्ष द्या. ढग कसा आहे याला जाळलेल्या मिनिटांपेक्षा जास्त महत्त्व आहे. आपल्या सवयीच्या मापात ३.४ लाख घनमीटर म्हणजे ०.०१२ टीएमसी. एका वादळासाठी हे कमी नाही, पण दुष्काळ हटवणारंही नाही.

हे दिवस निवडले गेले कारण तेव्हा नैसर्गिक बर्फ जवळजवळ पडत नव्हता, म्हणून आपली रेघ उठून दिसली. सरसकट हंगामाला हे आकडे लावता येत नाहीत. त्यासाठी वायोमिंगचा प्रयोग पाहावा लागतो. २००५ ते २०१४ या काळात राज्याच्या पैशाने मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या दोन रांगांवर काम झालं. प्रत्येक वेळी चिठ्ठी काढावी तसं ठरायचं की कोणत्या रांगेवर चार तास सीडिंग करायचं आणि कोणती तुलनेसाठी मोकळी सोडायची. शुद्ध संख्याशास्त्रीय उत्तर आलं ३ टक्के वाढ, आणि तीही योगायोगापासून वेगळी सांगता न येणारी. मोजमापं, मॉडेल आणि बाकी सगळा पुरावा एकत्र धरून काढलेला निष्कर्ष असा होता की सीडिंगला योग्य असलेल्या वादळांत वाढ ५ ते १५ टक्के होते. तुम्हाला सांगितलेले १५ बहुधा याच पट्ट्याच्या वरच्या टोकाचे आहेत. पण योग्य परिस्थितीत पडणारा बर्फ तिथे हिवाळ्यातल्या एकूण बर्फाच्या सुमारे ३० टक्केच निघाला. ३० टक्क्यांच्या ५ ते १५ टक्के म्हणजे संपूर्ण हंगामाच्या दीड ते साडेचार टक्के, आणि तेही सीडिंग पोचलेल्या क्षेत्रापुरते. बैठकीत १५ हा आकडा ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारा: हे कशाचे १५ टक्के?

तीन-चार टक्के मोजणं इतकं कठीण का, तेही समजून घ्या. घनमीटरमागे ०.१ ग्रॅम अतिशीत पाणी, ५०० मीटर जाडीचा थर, १५ मीटरचा वारा धरला तर डोंगराच्या एक मीटर रुंदीवरून सेकंदाला ७५० ग्रॅम पाणी जातं. त्याचा पाचवा हिस्सा आपण पाडला, तर दहा किलोमीटर रुंदीवर तासाला सुमारे ५,४०० घनमीटर मिळतात. ते २०० चौरस किलोमीटरवर पसरले तर तासाला ०.०३ मिलिमीटरही होत नाही. डोंगरातल्या स्नोटेल, म्हणजे बर्फ आपोआप मोजणाऱ्या, केंद्रांची पर्जन्याची नोंद इंचाच्या दहाव्या भागाने, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या पायरीने पुढे सरकते. शिवाय वाऱ्यात मापकात बर्फ नीट पडत नाही. म्हणून एखाद्या वादळानंतर ‘आमच्यामुळे इतका बर्फ पडला’ असं कुणी स्नोटेलचा आकडा दाखवून सांगितलं तर ते ग्राह्य धरू नका. अनेक वर्षांची, सीडिंग न पोचणाऱ्या तुलनेच्या केंद्रांशी घातलेली सांगड चालेल, त्यातली अनिश्चितता सोबत दिली असेल तर.

याच हिशेबातून पलीकडच्या लोकांच्या पाण्याचं उत्तर निघतं. हिवाळी वादळात डोंगरावरच्या हवेच्या स्तंभात साधारण १० मिलिमीटर पाणी वाफेच्या रूपात असतं. १५ मीटरच्या वाऱ्याला एक मीटर रुंदीवरून सेकंदाला १५० किलो वाफ जाते. त्यातून आपण काढलं १५० ग्रॅम, म्हणजे हजारातला एक भाग. तोही मुख्यतः अशा थेंबांतून, जे उताराला लागताच पुन्हा वाफ झाले असते. माथ्याच्या लगतच्या पलीकडच्या उतारावर थोडी खालीवर होऊ शकते, कारण उशिरा पडणारे स्फटिक तिथे उतरतात, पण दोनशे किलोमीटरवरच्या शेतकऱ्याचा पाऊस यातून पळवला जात नाही.

चांदीबद्दल काळजी रास्त आहे, म्हणून आकडा मुद्दाम वाईट बाजूने धरतो. २० जनरेटर, प्रत्येकी ३०० तास, तासाला २५ ग्रॅम: हंगामात १५० किलो सिल्व्हर आयोडाइड. त्यात चांदी ४६ टक्के, म्हणजे ६९ किलो. ती सगळी २,००० चौरस किलोमीटरच्या खोऱ्यातल्या ५०० मिलिमीटर पाण्यात पडली असं धरलं, तर लिटरमागे ०.०७ मायक्रोग्रॅम येते. पिण्याच्या पाण्यातल्या चांदीची मर्यादा अमेरिकेत आणि भारतीय मानकातही लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम आहे. शिवाय सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि मातीला धरून राहतं. माशांना अपाय करते ती मोकळ्या आयनांची चांदी, आणि ती इथे नगण्य असते. मला खरी काळजी वाटते ती जनरेटरच्या पायथ्याची: तिथे द्रावण भरताना सांडतं, ॲसिटोन ज्वालाग्राही आहे, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी चांदी साचते. त्या मातीची दरवर्षी तपासणी मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पैसे देण्याआधी कार्यक्रम चालवणाऱ्यांकडून काही कागद मागा. पहिला, तुमच्या खोऱ्यावर बसवलेल्या मायक्रोवेव्ह रेडिओमीटरच्या किमान दोन हिवाळ्यांच्या नोंदी. अतिशीत पाणी किती तास होतं ते त्यातून कळतं. दुसऱ्या राज्याच्या नोंदी इथे चालत नाहीत. दुसरा, प्रत्येक वादळाचा निर्णयपत्रक: किती तापमान, कोणता वारा, कोणते जनरेटर पेटवले, आणि कोणत्या वेळी मुद्दाम पेटवले नाहीत. न पेटवल्याच्या नोंदी ज्यांच्याकडे नीट आहेत, त्यांच्या पेटवल्याच्या नोंदींवर मी विश्वास ठेवतो. तिसरा, थांबण्याचे लेखी नियम: हिमसाठा किती झाला की थांबणार, हिमस्खलनाचा इशारा असेल तर काय, बर्फावर उबदार पाऊस पडून पूर येण्याची शक्यता असेल तर काय.

चौथा, बर्फाच्या नमुन्यांचं चांदीचं विश्लेषण. नुसती चांदी सापडली एवढ्याने भागत नाही, कारण कण बर्फ न बनवताही पडणाऱ्या हिमकणांत अडकून खाली येतात. ऑस्ट्रेलियात स्नोई मौंटन्समध्ये २००५ ते २००९ च्या प्रयोगात यावर छान तोड काढली होती: सिल्व्हर आयोडाइडसोबत इंडियम या धातूचं ऑक्साइड सोडायचं, जे बर्फ बनवत नाही. बर्फात इंडियमच्या तुलनेत चांदी जास्त सापडली, तर त्या कणांनी खरोखर स्फटिक बनवले. प्रत्येक कार्यक्रमाला इतकं परवडत नाही, पण निदान सीडिंगच्या आणि बिनसीडिंगच्या वादळांचे थर वेगळे काढून तपासलेले हवेत.

आणि पाचवा कागद तुमच्याच कंपनीचा. वाढीव पाणी मुख्यतः वसंतात, बर्फ वितळताना येतं. तेव्हा ते साठवायला तुमच्या वाट्याची जागा धरणात आहे का, की ते पाणी आधीच्या हक्कदारांच्या खात्यात जातं, हे आधी पाहा. जागा नसेल तर सीडिंग कितीही चांगलं झालं तरी तुमच्या कालव्यात त्यातला थेंब येणार नाही. जागा असेल, आणि हंगामाला तीन टक्के धरून येणाऱ्या पाण्याचा खर्च भाड्याने पाणी घेण्यापेक्षा कमी पडत असेल, तर पाच वर्षांच्या कराराने आत जा. एका हंगामाचा करार करू नका. एका हिवाळ्यात काहीच सिद्ध होत नाही, चांगलंही आणि वाईटही.